‘डांके शून’ तोकडं वाटतं तेव्हा

प्रश्न
(मूळच्या साताऱ्याच्या एका वाचक मैत्रिणीच्या लांब पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

नवऱ्याच्या नोकरीमुळे ही मैत्रीण साडेतीन वर्षं जर्मनीत, श्टुटगार्टजवळ नेकर नदीकाठच्या एका लहान गावात राहते. सहा बिऱ्हाडांची इमारत आहे आणि समोरच्या दारात सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. दुसऱ्या खेपेला सहाव्या महिन्यातच डॉक्टरांनी मैत्रिणीला झोपून राहायला सांगितलं. आईचा व्हिसा लांबला, नवऱ्याची रजा पुरेना. त्या तीन महिन्यांत आजींनी मोठ्या मुलीला रोज बालवाडीत पोचवलं, परत आणलं, सूप करून दिलं. एकदा रात्री दोन वाजता हॉस्पिटल गाठावं लागलं, तेव्हा त्या मुलीजवळ येऊन राहिल्या. “आणि आमच्या वाटणीचा जिनासुद्धा त्याच झाडत होत्या, हे मला फार उशिरा कळलं,” असंही ती जाता जाता लिहिते.

आता दोन महिन्यांत हे कुटुंब पुण्याला परततंय. दिवाळीत तिने आजींना चांदीची समई दिली. आजींनी ती तिच्यासमोरच उघडली, ‘डास वेरे डोख निश्ट न्योटिश गेवेझन’ म्हणजे ‘याची काही गरज नव्हती’ असं म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी घरी केलेल्या जॅमच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. तिने कधीही आभार मानले की त्या ‘निश्ट्स त्सू डांकेन’, आभार कसले, एवढंच म्हणतात. तिला वाटतं, त्यांना आपलं काही घ्यायचंच नाहीये. नवऱ्याचं म्हणणं, जर्मन माणसांना भावनांचं प्रदर्शन आवडत नाही, ‘डांके’, म्हणजे आभार, म्हटलंस ना, झालं. तिचं जर्मन बी-वनपर्यंतचं, म्हणजे मध्यम पातळीचं. अ‍ॅपकडून एक पत्र तयार करून घेतलं, पण ते तिचं तिलाच परकं वाटलं. निघताना आजींना वाकून नमस्कार करावा असंही मनात आहे. ती विचारते, “‘डांके शून’पेक्षा मोठा शब्द जर्मनमध्ये आहे का? माझ्या मनात आहे ते त्यांच्यापर्यंत कसं पोचवू?”

उत्तर
प्रिय मैत्रिणी,

तुम्ही मोठा शब्द विचारलात, तर तो आधी देऊन टाकते. ‘फीलेन डांक’ म्हणजे खूप आभार. ‘हेर्त्सलिशेन डांक’ म्हणजे मनःपूर्वक आभार. ‘टाउझेंट डांक’ म्हणजे हजार वेळा आभार, पण हे जरा सलगीतलं. ‘इश डांके ईनेन फॉन हेर्त्सेन’ म्हणजे मी तुमचे अगदी अंतःकरणापासून आभार मानते. आणि दक्षिण जर्मनीत, ऑस्ट्रियात जुनी श्रद्धाळू माणसं म्हणतात ‘फेरगेल्ट्स गॉट’, म्हणजे याची फेड देव करो. आपल्याने होणार नाही म्हणून ती देवावर सोपवायची. मला हा शब्द फार आवडतो, पण तो ज्याच्या तोंडात मुरलेला असतो त्यालाच शोभतो.

आता खरं सांगते. यातला कुठलाही शब्द म्हणून तुमचं समाधान होणार नाही. पुण्यात जर्मन शिकवताना कितीतरी विद्यार्थ्यांनी मला हेच विचारलंय की, ‘मॅडम, याच्याहून मोठं काही?’ आणि दरवेळी मला जाणवतं की शब्द मोठा होत जातो तसा तो कुणालाही लागू पडायला लागतो. ‘हेर्त्सलिशेन डांक’ हे तिथल्या ऑफिसच्या निम्म्या ईमेलांच्या तळाशी असतं. रात्री दोन वाजता तुमच्या लेकीशेजारी येऊन बसलेल्या बाईला तोच शब्द दिला, तर तुमचं मन कचरणारच.

‘डांकेन’, आभार मानणं, आणि ‘डेंकेन’, विचार करणं, ही एकाच मुळाची क्रियापदं आहेत. जुन्या जर्मनमध्ये ‘डांक’चा अर्थच मुळी ध्यानात ठेवणं, स्मरणं असा होता. आपल्याकडचा ‘कृतज्ञ’ घ्या. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. जो केलेलं जाणतो तो कृतज्ञ. किती भारावून गेलो याचा दोन्ही शब्दांत उल्लेख नाही. समोरच्याने काय केलं ते मला माहीत आहे, माझ्या लक्षात आहे, एवढंच दोन्ही शब्द म्हणतात. म्हणून तुम्हाला मोठा शब्द नकोय, नेमकं वाक्य हवंय.

आणि ते वाक्य तुम्हाला येतं. बी-वनच्या वर्गात ‘डास’ने, म्हणजे आपल्या ‘की’ने, सुरू होणारं गौण वाक्य शिकलात, आठवतं? सगळे त्याला घाबरतात, कारण क्रियापद उचलून शेवटी न्यावं लागतं. मी वर्गात नेहमी सांगते की मराठी माणसाने याला मुळीच घाबरू नये, आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसलेलं असतं. साचा असा आहे: ‘इश डांके ईनेन डाफ्यूर, डास झी…’ म्हणजे ‘तुम्ही अमुक केलंत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानते’. पुढे फक्त घडलेली गोष्ट भरायची.

‘इश डांके ईनेन डाफ्यूर, डास झी उन्झेरे टोख्टर येडन मॉर्गन इन डेन किंडरगार्टन गेब्राख्ट हाबेन.’ तुम्ही आमच्या मुलीला रोज सकाळी बालवाडीत पोचवलंत.

‘…डास झी इन येनर नाख्ट बाय ईअर गेब्लीबन झिंड.’ त्या रात्री तुम्ही तिच्याजवळ राहिलात.

बघा, एकही मोठा शब्द नाही. तरी ही वाक्यं जगात दुसऱ्या कुणालाही लिहिता येणार नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीशी मी सगळ्यात जास्त थांबले ती ओळ. ‘आमच्या वाटणीचा जिनासुद्धा त्याच झाडत होत्या.’ तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. पण तुम्ही राहता तो भाग श्वाबेनचा, आणि तिथे ‘केअरवोखे’ म्हणजे काय चीज आहे हे तुम्ही साडेतीन वर्षांत पाहिलंच असेल. बाकीच्या वाचकांसाठी सांगते. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाने आळीपाळीने आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला पाटी टांगतात. आठवडा संपला की आपण जिना स्वच्छ करून ती पाटी पुढच्या दारावर नेऊन लावायची. छोटी केअरवोखे जिन्याची, मोठी केअरवोखे बाहेरच्या फुटपाथची आणि तळघराची, हिवाळ्यात बर्फसुद्धा. तिथे ‘केरेन’ म्हणजे झाडणं, आणि ऐकायला तो शब्द थेट आपल्या ‘केर’सारखा लागतो, याचं मला आजही नवल वाटतं. या पाळीत कुणी कुचराई केली तर शेजारी वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात, इतकं ते गंभीर प्रकरण आहे.

आणि तुम्ही झोपून होतात त्या तीन महिन्यांत ती पाटी तुमच्या दारावर आलीच नाही. म्हणजे आपला आठवडा संपला तरी आजींनी ती आपल्याच दाराला ठेवली. सत्तरीच्या बाईने दोनदा जिना पुसला, एकदा स्वतःचा म्हणून आणि एकदा तुमचा म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून उठला असतात. त्यांनी तुमच्यावर जीव लावला, तो असा, दाराच्या बाहेर. तुमच्या कार्डावर ही ओळ आलीच पाहिजे: ‘…डास झी उन्झेरे केअरवोखे गेमाख्ट हाबेन, ओने आइन वोर्ट त्सू झागन.’ एका शब्दाने न बोलता तुम्ही आमची पाळी केलीत. बालवाडीबद्दल तुम्ही आभार मानाल हे त्यांना ठाऊक आहे. जिन्याचं तुम्हाला कळलंय हे कदाचित त्यांना माहीत नसेल.

आता तुमच्या मनातली सल. समई उघडून त्या ‘याची काही गरज नव्हती’ म्हणाल्या आणि तुम्ही हिरमुसलात. पण तुमच्या साताऱ्याच्या घरी पाहुण्यांनी काही आणलं की आई काय म्हणते? ‘अहो, हे कशाला आणलंत!’ आणि मग पिशवी हातात घेतेच ना? ‘डास वेरे डोख निश्ट न्योटिश गेवेझन’ हे तंतोतंत तेच आहे. त्यात नकार नाही, संकोच आहे. ‘निश्ट्स त्सू डांकेन’ही तसंच, आपल्या ‘त्यात काय एवढं!’चं जर्मन भावंड. समोर उघडण्याचंही मनाला लावून घेऊ नका. आपण पाहुण्यासमोर भेट उघडत नाही, हावरेपणा दिसतो म्हणून. तिथे देणाऱ्यासमोर उघडायची, त्याला आनंद बघता यावा म्हणून.

आणि जॅम. मैत्रिणी, आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करतात का? काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात. श्वाबेनमध्ये जॅमला ‘ग्झेल्ट्स’ म्हणतात, आणि फळं आपल्या हाताने निवडून, शिजवून, बाटलीत भरून ठेवलेला ग्झेल्ट्स ती माणसं वाटेल त्याला देत नाहीत. तुम्हाला वाटलं आजींनी हिशेब मिटवला. मला वाटतं त्यांनी डबा भरून परत केला. डबा असा फिरत असतो तोवर शेजार जिवंत असतो.

तरीही समईबद्दल एक सांगायला हवं. भेट फार किमती असली की तिथल्या माणसाला खरोखर अवघडल्यासारखं होतं, आता आपण तोलामोलाचं काय द्यायचं असं वाटतं. तुम्ही चुकलात असं मी म्हणत नाही, दिवाळीत समई देण्यामागची भावना मला कळते. पण जाताना आणखी काही भारी देऊ नका. त्याऐवजी समईची गोष्ट सांगा. ती कधी लावतात, वात कशी करतात हे लेकीकडून करून दाखवा. आज ती त्यांच्या कपाटात चांदीची वस्तू म्हणून पडली असेल, त्यानंतर ती तुमच्या घरची समई होईल.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. श्वाबेनमध्ये एक म्हणच आहे, रागावलं नाही म्हणजे पुरेसं कौतुक केलं. ती माणसं बोलण्यात काटकसरी आहेत. पण कमी बोलणाऱ्याला ऐकायला नको असतं, हे कुणी सांगितलं? आपल्याकडच्या कितीतरी वडिलांनी मुलांना तोंडावर कधी शाबासकी दिली नाही, आणि मुलाचं एक पत्र मात्र पाकिटात घडी करून वर्षानुवर्षं जपलं. चारचौघांत मिठी मारून रडण्याने आजी अवघडतील, हे शक्य आहे. लिहिलेल्या कागदाने अवघडणार नाहीत. तो त्या दार लावून, चष्मा लावून, एकट्या वाचतील.

म्हणून पत्र लिहा, हाताने. अ‍ॅपचं पत्र तुम्हाला परकं वाटलं ते योग्यच वाटलं. त्या भाषेत कंपनीचे संचालक निवृत्त होतात. तुमच्या जर्मनमध्ये चार चुका असतील तर असू द्या. त्याच जर्मनमध्ये तुम्ही साडेतीन वर्षं त्यांच्याशी बोललात, तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. अ‍ॅपकडून फार तर शब्दांची लिंगं तपासून घ्या.

काही बारीकसारीक गोष्टी. कार्ड दुकानातून घेणार असाल तर वर ‘डांके’ छापलेलं घ्या. ‘डांकझागुंग’ लिहिलेली, राखाडी कडेची किंवा मेणबत्ती, क्रूस असलेली कार्डं घेऊ नका. ती बहुतेक वेळा घरात कुणी गेल्यानंतर सांत्वनाला आलेल्यांचे आभार मानायची असतात. सुरुवात ‘लीबे फ्राउ’, म्हणजे प्रिय श्रीमती, आणि त्यांचं आडनाव अशी करा, स्वल्पविराम द्या, पुढची ओळ लहान अक्षराने सुरू होते. ‘झी’ (तुम्ही) आणि ‘ईनेन’ (तुम्हाला) मात्र कुठेही आले तरी मोठ्या अक्षराने, नाहीतर ‘तुम्ही’चं ‘ती’ किंवा ‘ते’ होऊन बसतं. शेवटी ‘हेर्त्सलिशे ग्र्यूसे, ईरे’, म्हणजे मनःपूर्वक शुभेच्छा, तुमची, आणि तुमचं नाव. आणि हो, जवळीक दाखवायला ‘डू’, म्हणजे ‘तू’, वापरू नका. ‘डू’ म्हणायची परवानगी वयाने मोठ्या माणसाने द्यायची असते. त्यांनी अजून दिली नसेल तर ‘झी’ला थंड समजू नका. आपण सासूबाईंना जन्मभर ‘अहो आई’ म्हणतो, त्यात कुठे प्रेम कमी असतं? पत्राच्या शेवटी एक छोटं वाक्य लिहाच: ‘डास वेर्डे इश ईनेन नी फेरगेसेन.’ तुमचं हे मी कधी विसरणार नाही.

पत्र निघण्याच्या दिवशी, बॅगा जिन्यात असताना देऊ नका. आठवडाभर आधी त्यांना कॉफीला बोलवा. दुपारची साडेतीनची वेळ चांगली, आणि साडेतीन म्हणजे साडेतीन. टेबलावर नारळाच्या वड्या, शंकरपाळे, शेजारी त्यांच्याच जॅमची बाटली असू द्या. संपली असेल तर रिकामी बाटली धुऊन ठेवा, आणि जाताना शंकरपाळे भरून तीच द्या. पत्र निरोप घेताना त्यांच्या हातात ठेवा, मोठ्याने वाचून दाखवू नका. फुलं द्यायची असतील तर आकडा विषम ठेवा, देण्याआधी कागद काढा, आणि शेवंती किंवा पांढरी लिली नको, ती तिथे कबरीवर वाहतात.

नमस्काराचं म्हणाल तर अचानक वाकलात तर त्यांना वाटेल तुमचं काही खाली पडलं, किंवा तुम्हाला घेरी आली. आधी सांगा. ‘बाय उन्स’, आमच्याकडे, लांबच्या प्रवासाला निघताना घरातल्या मोठ्यांना असा नमस्कार करतात, करू का? ‘घरातल्या मोठ्यांना’ हे शब्द गाळू नका. त्या ‘नको नको’ म्हणाल्या तर हात जोडा आणि तेवढ्यावर थांबा. पण त्यांच्या कानावर ते पडलेलं असेल.

एक प्रश्न मी तुम्हालाही विचारते. ऋण फक्त तुमच्यावरच आहे का? एकट्या राहणाऱ्या बाईला तीन महिने रोज सकाळी एक छोटा हात धरून चालायला मिळालं. तुमची लेक त्या वाटेवर काय काय बडबडली असेल, ते तुम्हाला माहीतही नाही. तुम्ही गेल्यावर समोरचं दार बंद दिसेल त्यांना. त्यांनाही कदाचित तुमच्याकडून काही मिळालंय, ते त्यांनाही बोलता येत नसेल. मुलीला विचारा, वाटेत काय दिसायचं. तिला ते चित्र काढू द्या, पत्रासोबत ठेवा.

महाराष्ट्रातून त्या भागात जाणारी मुलं-मुली आता वाढली आहेत. मुंबई आणि श्टुटगार्ट तर १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. त्यामुळे असे प्रश्न घेऊन पुढेही पत्रं येतील. त्या सगळ्यांसाठी थोडक्यात. प्राध्यापक, सरकारी कचेरीतला माणूस, शाळेच्या बाई यांना महागडी भेट कधीच देऊ नका. सरकारी नोकरांनी भेटी घेण्यावर तिथे कडक कायदेशीर निर्बंध आहेत, तुमच्या प्रेमाने त्यांची नोकरी अडचणीत येऊ शकते. त्यांच्यासाठी ‘डाफ्यूर, डास’चं एक नेमकं वाक्य लिहिलेलं कार्ड पुष्कळ झालं. हॉस्पिटलच्या वॉर्डात एकट्या नर्सला काही देण्यापेक्षा सगळ्यांसाठी चॉकलेटचा डबा, किंवा वॉर्डच्या कॉफीच्या डब्यात थोडे पैसे. आणि कुणी ‘आणखी कॉफी?’ विचारलं तर नुसतं ‘डांके’ म्हणू नका. तिथे त्याचा अर्थ ‘नको, आभारी आहे’ असा होतो. हवी असेल तर ‘या, गेर्न’, म्हणजे ‘हो, आवडेल’, म्हणा. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात दुसरा कप मिळालेला नाही.

पुण्याला आल्यावरही दोन तारखा पाळा, नाताळ आणि आजींचा वाढदिवस. नाताळचं कार्ड टपालाने, डिसेंबरच्या आधीच टाका. वाढदिवसाबाबत मात्र जपा. वेळेआधी शुभेच्छा देणं तिथे अशुभ मानतात, आणि आपल्याला रात्री बाराच्या ठोक्याला फोन करायची हौस. आपले बारा वाजतात तेव्हा तिथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेआठ. तेव्हा दुसऱ्या दिवशी आपल्या दुपारी फोन करा आणि आधी लेकीला बोलू द्या.

आणि निघण्याआधीचा शेवटचा आठवडा. केअरवोखेची पाटी कुणाच्या दाराला आहे ते बघा. आजींच्या दाराला असली तर बेल वाजवून मागून घ्या. म्हणा, ‘डीझे वोखे माखे इश डी केअरवोखे’, या आठवड्यात मी करते. त्या ‘न्योटिश’ वगैरे म्हणतील. पाटी घ्या, आपल्या दाराला अडकवा, आणि शनिवारी वरच्या पायरीपासून सुरुवात करा. कठड्याच्या सळ्यांमधली धूळसुद्धा पुसा, त्यांच्या ते लक्षात येईल.